ईश्वरप्पाच्या विहिरीहून दोन परस खोल

महामाया सोनकांबळे हिनं समुद्राच्या तळाशी जायला होकार दिला, त्यामागं धाडस वगैरे काही नव्हतं. ही गोष्ट जन्मात घडणार नाही याची तिला पक्की खात्री होती, म्हणून तिनं हो म्हटलं. सत्तावीस वर्षं नांदेडच्या एका सरकारी कचेरीत टेबल सांभाळलेल्या बाईला एवढं तरी कळतं, की ज्या कामाला चारपेक्षा जास्त कागद लागतात ते काम होत नसतं. समुद्रतळाला जायला एकोणीस कागद लागणार होते. तिनं ते दोनदा मोजले आणि बिनघोर मान डोलावली. नवरा शाळेत मास्तर. तोही "जा की" म्हणाला, कारण त्यालाही तेवढीच खात्री होती.

चूक तिची एवढीच झाली, की कागदांचं काम तिनं रेणुकादास कंधारकरांकडं दिलं.

कंधारकर तिच्याच कचेरीतून दोन वर्षांपूर्वी अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, नाहीतर कुंड्यांना. कंधारकरांनी घरातच कचेरी थाटली. फ्रिजच्या दुरुस्तीची फाईल वेगळी, बायकोच्या गुडघ्याची वेगळी, दोन्हींना लाल नाडी. त्यांच्या बायकोनं, सौदामिनीबाईंनी, एकदा भाजीवाल्याला "थांबा, साहेबांची मंजुरी आणते" असं सांगितल्याचं गल्लीत प्रसिद्ध होतं. या माणसाच्या हातून उभ्या नोकरीत एकही कागद अपुरा गेला नव्हता. त्याचा वरिष्ठांना इतका त्रास झाला की बढती त्यांना सगळ्यांत शेवटी मिळाली.

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळं, उर्वीमुळं. डॉक्टर व्हायची म्हणून उर्वीनं लातूरला दोन वर्षं क्लास केला होता, एक नेहमीचा आणि एक रिपीटरचा. लातूरच्या क्लासात पोरगं घातलं की पलीकडून डॉक्टर होऊनच बाहेर पडतं अशी आईबापांची श्रद्धा असते. उर्वी बाहेर पडली ती थेट पाँडिचेरीला गेली आणि लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवू लागली. कंधारकर चार वर्षं सगळ्यांना "मरीन लाइनमध्ये आहे" एवढंच सांगत. कुणी फारच खोदलं तर म्हणत, "मास्क आहे, सिलिंडर आहे, फक्त पेशंट नाही."

उन्हाळ्यात उर्वी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर कामाला जाई. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली काही जहाजं तिथं तळाशी पडून आहेत, आणि ती बघायला जगभरातून हौशी लोक येतात. आपल्याकडं एसटीच्या आगारामागं मोडक्या गाड्या फुकट बघायला मिळतात, तिकडं कुणी फिरकत नाही, असो. त्यातलंच एक जहाज म्हणजे 'लेडी मार्जरी'. मालवाहू, कोळशावर चालणारं, बेचाळीसच्या एप्रिलात जपानी विमानांनी बुडवलेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या पाणबुड्याकडं त्या जहाजावर मेलेल्यांची यादी उर्वीला बघायला मिळाली. साहेब लोकांची नावं वर, ठसठशीत. हिंदी लोक खाली, बारीक अक्षरात. शेवटून तिसरं नाव होतं: सटवा, कोळसेवाला, गाव रेणापूर, निजाम स्टेट.

उर्वीनं बापाला फोन केला, "बाबा, रेणापूर म्हणजे आपलं लातूरजवळचंच ना?" कंधारकरांनी महामायाला फोन केला, कारण त्यांच्या माहितीतली रेणापूरची ती एकटीच. आणि महामायानं फोन कानाला धरूनच स्वयंपाकघरातला गॅस बंद केला. सटवा तिचा आजा होता.

आजाला तिच्या बापानंही, नरसिंगनं, पाहिलेलं नव्हतं. नरसिंग पोटात असताना सटवा "मंबईला जातो" म्हणून गेला तो गेलाच. गावानं दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि निकाल देऊन टाकला: पळाला, तिकडं दुसरी केली. बायको सरजाबाई तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. नवरा मेल्याचं कुणी सांगितलं नाही म्हणून तिनं कुंकू पुसलं नाही, आणि नवरा असल्याचं काही सुखही तिला कधी मिळालं नाही. ती गेली तेव्हा शेवटच्या आंघोळीनंतर तिच्या कपाळाला कुंकू लावायचं की नाही यावरून दारात बायकांची भांडणं लागली होती. महामायाला ते चांगलं आठवत होतं. आणि नरसिंगला तर बोलता यायच्या आधीपासून 'पळपुट्याचं पोर' हेच नाव होतं.

त्यातून सटवा साधासुधा माणूस नव्हता. तो रेणापूरचा नामांकित बुड्या. गावच्या विहिरीचं पाणी भरायची त्याच्या जातीला बंदी. पण कुणी विहिरीत पडून मेलं की पहिलं बोलावणं त्याला. प्रेत पडलं म्हणजे पाणी आधीच बाटलेलं, मग सटवा उतरला तर कुठं बिघडलं, असं गावाचं शास्त्र होतं. दोन बुड्यांत तो माणूस वर काढायचा. एक चिलीम ओढून होईस्तोवर खाली राहायचा असं म्हणत. म्हणणारे चिलीम ओढलेले असत हे खरं, तरी अर्धं धरलं तरी पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून महामाया एसटीनं लातूरला गेली. नरसिंग आता चौऱ्याऐंशी वर्षांचा. एका तलावावर कालव्याच्या दाराशी एकतीस वर्षं चौकीदारी करून निवृत्त झालेला. लातुरात त्याचा दिवस जायचा ईश्वरप्पाच्या डाळमिलवर. ईश्वरप्पाही रेणापूरचाच, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. मिल आता मुलगा बघतो, आणि हे दोघं दारातल्या बाकड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढतात. जातीनं, पैशानं आणि तब्येतीनं दोघांचं काही जुळत नव्हतं, जुळत होती ती जीभ.

बातमी ऐकून बाप रडेल असं महामायाला वाटलं होतं. नरसिंगनं मिशीवरून हात फिरवला आणि शेजारी बघून म्हटलं, "ऐकलंस का रं डाळ्या? माझा बाप पळाला न्हवता."

"ऐकलं की." ईश्वरप्पानं तंबाखू मळत थोडा विचार केला. तो दुष्ट नव्हता, फक्त डोक्यात आलेलं तोंडातून जाऊ द्यायची त्याला सवय होती. "पर एक सांग नरसिंगा. जहाज बुडलं, कबूल. सटवा कसा बुडल? माझा बाप म्हणायचा, सटवाला बुडवायचा तर आदी पाण्याला शिकवावं लागल. त्यो निघाला आसल पोहत भाईर. अन् ऱ्हायला आसल तिकडंच."

"यादीत नाव हाय त्याचं."

"यादी म्हंजे हजेरी, दुसरं काय? सापडला न्हाई त्याला मेला म्हणत्यात. आपल्या गावात दोघं तसे मेलेले इलेक्शनला येऊन मत टाकून गेले."

एरवी शिवी हासडणारा नरसिंग चपलेच्या टोकानं मातीत रेघा ओढायला लागला. महामायाला कळलं की हे ईश्वरप्पाचं म्हणणं नाही, हे बापाचंच म्हणणं आहे. ऐंशी वर्षं तो हेच मनात घोकत होता: माझ्या बापाला बाहेर येता येत होतं. आला असेल तर मग घरी का नाही आला?

"जाऊन बगायला पायजे," शेवटी नरसिंग म्हणाला.

"कुठं, दादा?"

"तळाला. त्यो कुठं काम करत होता, तिथून वाट हाय का न्हाई, जागा बघितल्याबिगर कसं कळल? किती खोल हाय म्हणली ती पोरगी?"

"सोळा मीटर. वरचा डेक तेवढ्यावर आहे म्हणे."

नरसिंगनं बोटांवर हिशेब केला. त्याला मीटर कळायचे, पण पटायचे परसच, एक परस म्हणजे एक उभा माणूस. "नऊ परस. म्हंजे ईश्वरप्पाच्या मळ्यातल्या हिरीहून दोन परस जास्त. त्यात काय हाय? म्या जातो."

हर्नियाचं ऑपरेशन, डाव्या डोळ्याला मोतीबिंदू, आणि जिना चढताना प्रत्येक पायरीला एक शिवी. लातूरच्या डॉक्टरांनी त्याला तपासायच्याही आधी नाही म्हटलं. नरसिंगनं त्यांना ऐकवायचं ते ऐकवलं, आणि बाहेर येऊन लेकीला म्हणाला, "मंग तू जा, माया." तिनं एकोणीस कागद आठवले आणि हो म्हटलं.

कंधारकरांनी त्याच आठवड्यात फाईल उघडली. 'समुद्रतळ मोहीम (सोनकांबळे)'. आत जहाजाची माहिती परिशिष्ट अ, सटवाचं नाव असलेली यादी परिशिष्ट ब, न्यायच्या वस्तूंची सूची परिशिष्ट क. दर शनिवारी त्यांच्या दिवाणखान्यात बैठक व्हायची. बैठकीला ते दोघंच असायचे, तरी इतिवृत्त लिहिलं जायचं, आणि पुढच्या शनिवारी ते वाचून कायम केलं जायचं.

"साहेब, घाई नाही काही," महामाया म्हणायची. "सावकाश होऊ द्या."

"मॅडम, तुम्ही खामखा फिकीर करू नका. मी करून राहिलो ना."

आणि ते खरोखरच करून राहिले होते. पासपोर्ट महिन्यात आला. विम्याच्या कंपनीनं तीन त्रुटी काढल्या, कंधारकरांनी उत्तरात कंपनीच्याच फॉर्ममधल्या पाच काढल्या. श्रीलंकेच्या बोटवाल्याला त्यांनी इंग्रजीत विचारलं, की बोटीवर धपाटे चालतील का. धपाटे म्हणजे काय यावर सगळं अवलंबून आहे, असं त्याचं उत्तर आलं. मग कंधारकरांनी सौदामिनीबाईंना बसवून कृती लिहून घेतली, भाषांतर केलं, आणि चार दिवस टिकतात अशी तळटीप जोडून पाठवली. बोटवाल्यानं कळवलं, की चालतील, पण सगळ्यांना पुरतील एवढे आणा.

कान-नाक-घसा तपासायला ती नांदेडच्याच एका डॉक्टरकडं गेली. कानात काहीतरी खुपेल, पडदा जाड निघेल, देव पावेल, अशी तिला आशा होती. "कान फर्स्टक्लास," डॉक्टर म्हणाले. "पण समुद्र कशाला? आपली गोदावरी आहे की." महामायाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तोवर त्यांनी शिक्का मारला होता. बारा कागद झाले.

राहिलं पोहणं. उर्वीनं फोनवर सांगितलं, की कोर्सला बसायचं तर दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे आणि दहा मिनिटं नुसतं तरंगता आलं पाहिजे. महामायाला न्हाणीघराच्या बादलीपलीकडं पाण्याचा परिचय नव्हता. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात आगगाडीनं पाणी आणावं लागलं, तिथली लेक पोहायला शिकणार कुठं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण यंदा पाऊस बरा झाला होता, आणि रेणापूरच्या ईश्वरप्पाच्या मळ्यातली विहीर सात परस भरली होती.

आठ रविवार नरसिंगनं लेकीला त्या विहिरीत शिकवलं. गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याचं तोंड डांबरानं बंद केलेलं, दोरीनं तिच्या पाठीला बांधला. रेणापुरात सगळी पोरं अशीच शिकतात, सहा-सात वर्षांची असताना. ही एकोणपन्नासची. पंजाबी ड्रेस, पाठीवर तेलाचा डबा, त्यावर सूर्यफुलाचं चित्र. पहिल्या रविवारी बघायला चार बायका आल्या, तिसऱ्या रविवारी चाळीस. एकीनं भुईमुगाच्या शेंगा विकायला आणल्या.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. पाण्यात पडलं की ओरडता येतं एवढं महामायाला कळलं. नरसिंग काठावर खुर्ची टाकून बसे आणि काठीनं दाखवे, "पाय मार! पाय! आगं सायकल न्हाई चालवायची, बेडकावानी मार!" शेजारी ईश्वरप्पा छत्री धरून बसलेला असे आणि दर दहा मिनिटांनी म्हणे, "सटवाची नात हाय म्हणं."

सहाव्या रविवारी डबा सुटला. गाठ सैल झाली की बापानं मुद्दाम सैल बांधली, ते तिला कधीच कळलं नाही. ती खाली गेली. हिरवं, मग काळं, कानात कुणी बोटं घालावीत तसा दाब. वर गोल उजेड, ताटाएवढा, आणि त्यात बापाचं डोकं. ती भयंकर घाबरली. वर जायची वाट डोळ्यांना दिसत असूनही तिला वाटलं की आपण आता मेलो. मग पायांना काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी बेडकासारखी लाथ मारली आणि ती वर आली. पायऱ्यांना धरून खोकताना तिच्या मनात एकच होतं, की हे मी समुद्रात करणार नाही. काहीही होवो, करणार नाही.

आठव्या रविवारी तिनं विहिरीला फेऱ्या मारून दोनशे मीटर भरवले आणि मग दहा मिनिटं तरंगली. नरसिंगनं घड्याळ लावलं होतं. "पास," तो म्हणाला, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी बैठकीत कंधारकरांनी एकोणिसावा कागद फाईलला लावला, नाडी बांधली आणि तिच्याकडं हसून पाहिलं. पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेची तिकिटं निघाली होती. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची फाईल कुठल्याही साहेबाच्या टेबलावर न अडता पुरी झाली होती. महामायानं तिकिटावरची तारीख पुन्हा वाचली. पाय मोडावा, ताप यावा, लंकेत काहीतरी व्हावं, असे अभद्र विचार तिच्या मनात यायला लागले. बापाला सांगायची हिंमत नव्हती. तो मिलवर येणाऱ्या प्रत्येक हमालाला तारीख सांगत होता.

निघायच्या दहा दिवस आधी उर्वी सुट्टीवर आली आणि येताना 'लेडी मार्जरी'चा जुना नकाशा घेऊन आली. नरसिंगला बारीक दिसत नाही, म्हणून कंधारकरांनी तो लातूरला एका फ्लेक्सच्या दुकानात आठ फूट लांब छापून घेतला. दुकानदारानं हातासरशी खालच्या कोपऱ्यात 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार' असं टाकून दिलं. त्याच्या दुकानातून बिगर शुभेच्छुकाचा फ्लेक्स आजवर बाहेर पडला नव्हता.

डाळमिलच्या गोदामात फरशीवर जहाज अंथरलं. चारी कोपऱ्यांवर तुरीची एकेक पायली ठेवली. नरसिंग चपला काढून त्यावर गुडघे टेकून बसला, ईश्वरप्पा खुर्ची ओढून बसला, कंधारकर फाईल घेऊन उभे राहिले. महामाया भिंतीला टेकून होती. तिला ते चित्र बघायचंच नव्हतं.

"आजोबा, हा डेक," उर्वी काठीनं दाखवू लागली. "आम्ही इथं उतरणार. आत जायचं नाही, बाहेरूनच बघायचं. जहाज जवळजवळ सरळ उभं आहे, थोडं कललंय. हे बॉयलर. आणि खाली ही कोळशाची खोली. तुमचे वडील इथं काम करत असणार. फावड्यानं कोळसा बॉयलरकडं ढकलायचा."

"इथून वाट कुठं हाय?"

"हे एक दार. एवढंच."

नरसिंगनं त्या दारावर बोट ठेवलं. मग बोट वर सरकवलं. दारापासून एक बारीक सरळ रेघ निघून तीन मजले ओलांडून डेकपर्यंत गेली होती. बोट डेकवर जाऊन थांबलं. "ही रेघ कशाची?"

"ती लोखंडी कांब आहे. हे साधं दार नाही आजोबा, वरून खाली सरकणारं आहे. जहाजाला भोक पडलं की ते वरूनच बंद करायचं, म्हणजे पाणी तेवढ्याच खोलीत राहतं आणि बाकीचं जहाज वाचतं. निदान वाचावं अशी अपेक्षा."

"वर चाक हाय का? फिरवायचं?"

"आहे. डेकवरच आहे. तुम्हाला कसं कळलं?"

नरसिंग टाचांवर मागं बसला. "आरं डाळ्या," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "हे तर माझ्या कालव्याचं दार हाय."

एकतीस वर्षं त्यानं असंच चाक फिरवलं होतं. साहेबाचा हुकूम आला की दार वर, पाणी कालव्यात. हुकूम आला की दार खाली. लोखंडाचं दार पाण्याखाली, कांब दाराला, चाक वर त्याच्या हातात. एकदा दार बसलं की खालून हत्ती लावला तरी हलत नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"खालच्या अंगाला चाक हाय का? त्या खोलीत?"

उर्वीनं नकाशा पुन्हा पाहिला. "नाही. फक्त वर."

"चाक वर," नरसिंग म्हणाला, "अन् माणूस खाली." त्याचं बोट त्या रेघेवरून पुन्हा खाली आलं. "त्या दिवशी लावलं होतं का उघडं होतं, एवढंच ऱ्हायलं. पोरी, ते चाक तू बघितलंस का?"

"बघितलंय की! माझ्याकडं व्हिडिओ आहे. त्या चाकाखाली एक वाम राहते, मी तिचाच काढलाय." उर्वीनं फोन काढला. चार डोकी त्या एवढ्याशा काचेवर जमली. महामायाही भिंत सोडून आली. निळसर गढूळ पाणी, शेवाळ चढलेलं जाडजूड चाक, आणि आऱ्यांतून डोकं काढून जबडा उघडमिट करणारी एक लांबलचक वाम.

"त्या माशाला बाजूला सार," नरसिंग म्हणाला. "चाकाच्या डोक्यावर बग. मधी कांब वर आलेली दिसती का? आटे पाडलेली? दार वर उचललेलं आसलं की कांब चाकातून वर येऊन हातभर उभी ऱ्हाती. दार खाली बसलं की ती आत जाती, अन् चाक बोडकं दिसतं."

उर्वीनं चित्र थांबवलं. बोटांनी मोठं केलं. बाहेर मिलचा पट्टा धडधडत होता.

"काही नाही आजोबा," ती हळू म्हणाली. "चाकावर काहीच नाही."

"बोडकं हाय?"

"हो."

"मंग दार लावलेलं हाय."

ईश्वरप्पाच्या हातातली तंबाखू तशीच राहिली होती. "माणसं आत आसताना?" त्यानं विचारलं.

"माणसं आत हायत म्हणून कुणी दार लावायचं ऱ्हातं का? जहाज वाचवायचं होतं त्येंना. आपल्या गावानं त्याला येशीच्या भाईर ठेवलं, अन् हेंनी आत कोंडला." नरसिंग हसायला गेला आणि ते हसू मधेच मोडलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा फ्लेक्सवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. "भाईर यायचं होतं रं त्याला. यायचं होतं. आई माझी कपाळ रंगवून दाराकडं बघत बसली, अन् म्या तिला म्हणायचो, पूस ते, त्यो काय येत न्हाई. पळपुटा हाय त्यो. म्या म्हणायचो, म्या."

महामायानं त्याचं डोकं पोटाशी धरलं. बापाला असं धरायची तिची ही पहिलीच वेळ होती. ईश्वरप्पा खुर्चीवरून उठला, डोक्याची टोपी काढली आणि कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून उभा राहिला. "चुकलो नरसिंगा," तो म्हणाला. "ऐंशी वर्सं एकच बोललो, अन् तेबी चुकीचं." यावर नरसिंगनं रडता रडता त्याला एक शिवी दिली. इतकी जुनी आणि ठेवणीतली, की कंधारकर फाईलमध्ये बघायला लागले.

मग नरसिंगनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "झालं आपलं काम," तो म्हणाला. "बघायचं ते बघितलं. आता जायाची गरज न्हाई, माया. तू भेतीस, मला म्हाईत हाय. हिरीत बघितलं म्या तुझं तोंड. तिकिटं रद्द करा साहेब."

कंधारकरांचा चेहरा पडला. एकोणीस कागद, अकरा बैठका, धपाट्यांचं भाषांतर. त्यांनी नुसती नाडीची गाठ चाचपली.

हेच वाक्य ऐकायला महामाया तीन महिने नवस बोलायची बाकी होती. आता ते बापाच्याच तोंडून आलं होतं, आणि तिला सुटल्यासारखं वाटेना. तिला विहिरीतला तो गोल उजेड आठवला. वाट डोळ्यांसमोर असून आपला जीव जायची वेळ आली होती, आजाला तर वाटच नव्हती. तिचं लक्ष पुन्हा त्या रेघेकडं गेलं, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत.

"दादा," ती म्हणाली, "दार उघडायचं तर चाक कोणत्या बाजूला फिरवायचं?"

"मावशी, तिथं कशालाही हात लावायचा नाही हं," उर्वी घाईनं म्हणाली. "नियम आहे. ती कबर आहे त्यांची."

"नाही लावत गं. विचारून ठेवते."

नरसिंगनं लेकीकडं पाहिलं. मग दोन्ही हात छातीसमोर धरले आणि गोदामाच्या त्या धुरळ्यात एक न दिसणारं चाक धरलं. "डाव्या अंगाला," तो म्हणाला. "पर लई दिस बंद आसलं की जाम आसतंय. एकदम नेट लावायचा न्हाई, आटे तुटतेत. थोडं म्होरं, थोडं मागं. मंग सुटतंय."

महामायानंही हात पुढं धरले. थोडं पुढं, थोडं मागं. "कोपर खाली," नरसिंग म्हणाला आणि उठून तिचं कोपर नीट केलं.

कंधारकरांनी नाडी सोडली, परिशिष्ट क काढलं आणि पेनाचं टोपण दातात धरून न्यायच्या वस्तूंच्या सूचीत शेवटी लिहिलं: ४८. ग्रीस, एक डबी.